तुम्ही विचारलंत म्हणून: पाणबुडीत संडासाचं काय करायचे?

दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुड्यांचं मला वेड आहे हे कळलं की लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, मग ते घरचं लग्न असो की ऑफिसमधला लंच, की पाणबुडीत संडास कसा असायचा आणि ते सगळं जायचं कुठे. विचारताना जरा हसतात. पण मी पंप-व्हॉल्व्हच्या लाइनमधला माणूस आहे, मला तरी यापेक्षा चांगला प्रश्न माहीत नाही, कारण त्याचं उत्तर द्यायचं तर अख्खी पाणबुडी समजून घ्यावी लागते.

बघा, आपल्या घरचं ड्रेनेज उतारावर आपोआप वाहून जातं. पाण्याखाली तसं होत नाही. दर दहा मीटर खोलीला दर चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलो प्रेशर वाढतं, म्हणजे साठ मीटरवर समुद्र दर चौरस सेंटीमीटरला सहा किलोच्या जोराने आत घुसायला बघतोय आणि तुम्हाला त्याच समुद्रात काहीतरी बाहेर टाकायचंय. नुसत्या फ्लशने काय होणार? जोर लावून ढकलावं लागतं, आणि ढकलायला जे भोक उघडाल तेच समुद्राला आत यायचा रस्ता.

अमेरिकन फ्लीट पाणबुड्यांची पद्धत त्यांच्या नेव्हीच्या १९४६ च्या मॅन्युअलमध्ये दिलीय, आणि ती सावकाश वाचण्यासारखी आहे. आधी सगळे व्हॉल्व्ह बंद आहेत का बघायचं. भांड्याच्या तळाशी एक फ्लॅपर, म्हणजे झडप, असतो, तो हलवून खालचा चेंबर रिकामा आहे याची खात्री करायची, फ्लॅपर बंद करायचा, मग समुद्राच्या लाइनवरचे दोन व्हॉल्व्ह उघडून भांड्यात पाणी घ्यायचं आणि दोन्ही बंद करायचे. मग बसायचं. झालं की फ्लॅपर उघडून सगळं खालच्या चेंबरमध्ये सोडायचं, फ्लॅपर परत बंद, हवेच्या छोट्या टाकीत बाहेरच्या प्रेशरपेक्षा दहा पौंड जास्त प्रेशर भरायचं, डिस्चार्ज लाइनचे गेट आणि प्लग व्हॉल्व्ह उघडायचे आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून हवेच्या जोरावर सगळं समुद्रात. शेवटी परत सगळं बंद. फ्लॅपर नीट बसला नसेल तर हवा सोपा रस्ता पकडते, म्हणजे सगळं वर माणसाच्या अंगावर. आणि नीट झालं तरी बाहेर गेलेली हवा बुडबुडे होऊन वर जाते, वर शत्रूचं जहाज असेल तर त्याला आयताच पत्ता. विशीतली पोरं, अपुरी झोप, त्यात हा क्रम रोज पाळायचा.

जर्मनांच्या जुन्या संडासाचं तर खोलवर काम व्हायचंच नाही, म्हणून नंतर त्यांनी हाय प्रेशरवाला आणला. तोच यू-१२०६ या जर्मन पाणबुडीवर होता. १४ एप्रिल १९४५, स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ, पाणबुडी साठेक मीटर खोल. त्या सिस्टीममधून पाणी आत आलं. गोष्ट अशी सांगतात की कमांडर श्लिटनेच चुकीचा व्हॉल्व्ह फिरवला, त्याचं स्वतःचं म्हणणं की तो तेव्हा इंजिनकडे होता. ते कोणी केलं यापेक्षा मला पुढचं महत्त्वाचं वाटतं, की संडासाच्या खालीच बॅटऱ्या होत्या. खारं पाणी लेड-अ‍ॅसिड बॅटरीत गेलं की क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. वर येण्यावाचून इलाज नव्हता, वर आल्यावर विमानांनी गाठलं आणि शेवटी पाणबुडी तिच्यावरच्या जर्मनांनीच बुडवली. चार जण गेले, बाकीचे कैद झाले. जर्मनी शरण यायला महिनाही राहिला नव्हता.

पण मला सगळ्यात जास्त लागते ती थेटिस या ब्रिटिश पाणबुडीची गोष्ट, युद्ध सुरू व्हायच्या तीन महिने आधीची. १ जून १९३९, लिव्हरपूल बे, चाचणी चालू. टॉर्पेडो ट्यूबला दोन दारं, एक समुद्राकडे, एक आत. आतलं उघडायच्या आधी ट्यूबमध्ये पाणी आहे का बघायला त्या दारावर एक छोटा टेस्ट कॉक, म्हणजे तपासणीची तोटी, असतो. पाच नंबरच्या ट्यूबचा कॉक उघडला, पाणी आलं नाही, म्हणून दार उघडलं. बाहेरचं दार उघडंच होतं! कॉकमागचं बारीकसं भोक एनॅमल पेंटने बुजलं होतं, त्यामुळे भरलेली ट्यूब रिकामी वाटली. भोक साफ करायला टोचणी दिलेली होती, ती वापरली गेली नाही. १०३ माणसांपैकी ९९ गेली, बरीचशी बुडून नव्हे तर आत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडने, आणि तोवर पाणबुडीचं शेपूट पाण्याच्या वर दिसत होतं हो.

हे वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण साइटवर पेंटर गेजची भोकं, ड्रेन कॉक, सगळं एका हाताने रंगवून टाकतो हे आमच्या लाइनमध्ये कोणीही सांगेल. कोणाचा वाईट हेतू नसतो. म्हणून रंगकाम झाल्यावर प्रत्येक कॉक उघडून बघा असं मी ज्युनियर पोरांना सारखं सांगत असतो, त्यांना कंटाळा येतो तरी.

थेटिसनंतर ब्रिटिशांनी आतल्या दाराला एक जादा क्लिप लावली, थेटिस क्लिपच म्हणतात तिला. दार आधी जरासंच उघडतं, पाणी दिसलं तर लगेच परत दाबून बंद करता येतं. थेटिसला वर काढून, दुरुस्त करून थंडरबोल्ट नावाने युद्धात उतरवली आणि १९४३ मध्ये ती परत बुडाली, सगळ्यांसकट.

प्रत्यक्ष कुठे बघता येईल हा पुढचा प्रश्न असतोच. आपल्याकडे विशाखापट्टणमला आर के बीचवर आयएनएस कुरसुरा आहे. ती महायुद्धातली नाही, सोव्हिएत बनावटीची, १९६९ साली नौदलात आली, १९७१ च्या युद्धात होती, पण महायुद्धातल्या पाणबुड्यांसारखी डिझेल-इलेक्ट्रिकच. आत गेलात की फोटो नंतर काढा, आधी डोक्यावरचे पाइप बघा, आणि टॉर्पेडो ट्यूबची आतली दारं जवळून बघा.