आमची वाटचाल : गाळा, खळं आणि तीन लेन्स

रत्नागिरी जिल्ह्यात कुटुंबाच्या फोटोचा हंगाम म्हणजे गणपती. मुंबई-पुण्याचे चाकरमानी गावी येतात, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळं घर पाच-सात दिवस एका छपराखाली असतं, आणि आरती झाली की खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, एक मोठा फोटो होतो. उरलेलं वर्ष आमच्या स्टुडिओच्या गाळ्यातलं काम : चार-पाच जणांची कुटुंबं, बारशी, सहस्रचंद्रदर्शन. वीस फूट लांबीचा गाळा आणि भाद्रपदातलं खळं, या दोन जागांनी आमच्याकडचं प्रत्येक साधन ठरवलं. कॅमेरा बॉडीचा विचार आम्ही नेहमी शेवटी केला.

सुरुवात निकॉन डी९० कॅमेरा आणि ५० एमएम एफ १.८ डी लेन्स या जोडीवर झाली. (एमएमचा आकडा जितका लहान तितकी जास्त रुंद जागा टिपली जाते; एफचा आकडा जितका लहान तितकं अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, मोठं.) एकट्या माणसाच्या फोटोला ही जोडी आजही उत्तम. दहा जणांचं कुटुंब दोन ओळींत उभं केलं की मात्र जागा संपते. पाच माणसं खांद्याला खांदा लावून साडेसात-आठ फूट घेतात, दोन्ही बाजूंना मोकळी जागा धरून फ्रेम दहा फुटांची होते. डी९० चा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, छोटा, क्रॉप प्रकारातला. त्यावर ५० एमएमने दहा फूट रुंदी टिपायला कॅमेरा २१ फूट मागे लागतो. गाळ्यात पडद्यावर सावली पडू नये म्हणून माणसांमागे चार फूट सोडायचे, फोटोग्राफरला उभं राहायला दोन फूट. हातात राहतात चौदा.

पहिला उपाय स्वस्तातला होता : क्रॉप सेन्सरसाठीच बनवलेली ३५ एमएम एफ १.८ डीएक्स. अंतर २१ वरून १५ फुटांवर आलं, माणसं थोडी जवळ सरकवून काम भागलं. पण ही लेन्स मोठा सेन्सर झाकत नाही. पुढे फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, घेतल्यावर तिच्यावर फोटो काढायचा तर कॅमेरा सेन्सरच्या मधल्या भागाचाच वापर करतो, मेगापिक्सेल निम्म्याहून कमी उरतात. पुढच्या चार-पाच वर्षांत फुल फ्रेमकडे जायचं असेल तर फक्त क्रॉपवर चालणाऱ्या लेन्सवर पैसे घालू नयेत, हे आम्ही नव्याने धंद्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

निकॉन डी७५० हा फुल फ्रेम कॅमेरा घेतला तो दोन कारणांनी. फुल फ्रेमवर ५० एमएमला दहा फूट रुंदीसाठी बरोबर चौदा फूट लागतात, म्हणजे गाळा पुरला. दुसरं कारण पडवी. भाद्रपदात पावसाची सर आली की सगळं कुटुंब खळ्यातून पडवीत जातं, आणि कौलांखाली उजेड एकदम उतरतो. खळ्यात ढगाळ सकाळी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ४००, एफ ५.६, शटर १/२५० सेकंद असं जमतं. पडवीत तेच शटर ठेवायचं तर आयएसओ १६०० आणि एफ ४ वर यावं लागतं, कारण लहान मुलं हलतात आणि १/१२५ च्या खाली हात धूसर होतात. १६०० ला डी९० च्या सावल्यांत दाणे दिसायचे, डी७५० त हीच छपाई १२×१८ इंचांना स्वच्छ येते.

आता लेन्सकडे. ग्राहक मोबाइलवर मागचं सगळं विरघळलेले फोटो दाखवतो आणि तसंच हवं म्हणतो. ८५ एमएम एफ १.८ त्यासाठीच प्रसिद्ध आहे, आमच्याकडेही आहे. पण दहा फुटांवरून एफ १.८ ला तिची स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग धारदार येतो तो, सुमारे १४ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच इंच. आई सोफ्यावर, मूल मांडीवर आणि बाबा मागे फूटभर अंतरावर उभे असतील तर बाबांचे डोळे धूसर होणारच. एफ ४ ला ही खोली साधारण ३१ सेंटिमीटर, एफ ५.६ ला ४३. म्हणून चार जणांच्या फोटोत आम्ही ८५ ला एफ ५.६ च्या खाली आणत नाही. मागचा भाग विरघळायला हवा असेल तर कुटुंबाला भिंतीपासून पंधरा-वीस फूट पुढे आणतो, अॅपर्चरला हात लावत नाही.

उलट गंमत मोठ्या गटात आहे. पंचवीस माणसं तीन ओळींत सोळा फुटांच्या फ्रेममध्ये बसतात, ५० एमएमने कॅमेरा २२ फुटांवर जातो, आणि एवढ्या अंतरावर एफ ५.६ ला तिन्ही ओळी आरामात स्पष्ट येतात. एफ ११ ला जाऊन आयएसओ चढवण्याची गरजच नसते. छोटा, जवळचा गटच जास्त अवघड.

तिसरी लेन्स २४-१२० एमएम एफ ४. कुटुंबाचं काम जर एफ ४ ते ५.६ वरच चालणार असेल, तर एफ २.८ च्या महाग आणि जड झूमचा पैसा कशाला गुंतवायचा? तो पैसा आम्ही दिव्यांत घातला. या झूमचा एक धोका आहे. जागा कमी पडली की हात आपोआप २४ कडे वळतो, आणि कडेची माणसं पसरतात : २४ एमएमला फ्रेमच्या अगदी टोकाचं डोकं पाव हिश्शाने रुंद होतं, ३५ ला सुमारे एक अष्टमांश. ओळीच्या टोकाला बहुधा सुना-जावई उभे असतात, आणि छापील फोटोत आपला चेहरा असा दिसला की ते परत फोटो काढायला येत नाहीत. ३५ च्या खालचा भाग आम्ही देवघर, मखर आणि घराच्या दर्शनी फोटोसाठी ठेवला आहे. माणसांसाठी ती हद्द बंद.

दिवे : २०० वॅट-सेकंदांचे बॅटरीवरचे दोन फ्लॅश आणि पाच फुटी पांढऱ्या छत्र्या. पावसाळ्यात वीज कधीही जाते, म्हणून बॅटरी. छत्री जवळ ठेवली की प्रकाश मऊ दिसतो खरा, पण ओळीच्या जवळच्या टोकाला चार फुटांवर आणि लांबच्या टोकाला दहा फुटांवर असेल तर दोन टोकांत सहापटीचा फरक पडतो. तीच छत्री मागे नेऊन दहा आणि चौदा फुटांवर पडेल अशी ठेवली की फरक दुपटीवर येतो, आणि तेवढा दुसऱ्या दिव्याने भरून निघतो. आजोबांच्या चष्म्यात छत्री दिसली तर दिवा फूट-दीड फूट वर, आणि चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित उचलायच्या. खळ्यात वारा असतो, छत्रीचं शीड होतं. स्टँडच्या पायावर पाच किलो वाळूची पिशवी हवीच.

कोकणात रंगाचा वेगळाच ताप आहे. जांभ्याच्या उघड्या भिंतीपासून दोन-तीन फुटांवर उभ्या माणसाच्या त्या बाजूच्या गालावर तांबूस झाक येते, आणि माड-पोफळीखाली कपाळ-नाकावर हिरवी. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंग जुळवण्याची सोय, सगळी फ्रेम एकसारखी बदलतो, त्यामुळे एका गालाची झाक त्याने जात नाही. भिंतीच्या बाजूला, फ्रेमच्या बाहेर, दोरीवर पांढरी चादर टाकली की झाक निघते. झाडांखालून मात्र कुटुंबाला बाहेर उघड्या आभाळाखालीच आणावं लागतं.

मिररलेस (आत आरसा नसलेला) निकॉन झेड६ टू घेताना जुन्या लेन्स एफटीझेड अडॅप्टरवर, म्हणजे त्या नव्या कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्यावर, चालतील हे पाहिलं होतं. जी मालिकेतल्या, स्वतःची मोटर असलेल्या लेन्स तशा चालतातही. पण ५० एमएम एफ १.८ डी ला स्वतःची मोटर नाही, ती बॉडीच्या मोटरवर फिरते, आणि अडॅप्टरमध्ये ती मोटर नसते. ऑटोफोकस गेला, ५० नवी घ्यावी लागली. डोळा ओळखणारा फोकस बाळाच्या फोटोत अमूल्य आहे. गटात तो एकच डोळा धरतो, म्हणून तिथे आम्ही फोकसचा बिंदू स्वतः पुढच्या ओळीवर ठेवतो. स्पष्टतेची खोली फोकसच्या मागच्या बाजूला जास्त मिळते.

छपाईचं माप आधी विचारावं. सेन्सर तीनास दोन प्रमाणाचा, ८×१२ आणि १२×१८ त्यात तंतोतंत बसतात. १०×१२ छापलं तर लांबीचा पाचवा भाग कापला जातो, म्हणजे दोन्ही टोकांची माणसं गेली. माप ठरलं नसेल तर दोन्ही बाजूंना एकेका माणसाएवढी जागा मोकळी सोडतो.

आणि बुरशी. पावसाळ्यात चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू येतात, कोटिंग खातात, आणि एकदा कोटिंग गेलं की साफ करूनही डाग राहतो. ड्राय कॅबिनेटमध्ये आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवतो. त्याहून फार खाली गेलं तर आतलं वंगण सुकतं. कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, पाव किलो सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर परत निळे होईपर्यंत भाजायचे, पण स्वयंपाकाच्या कढईत नको, त्या निळ्या रंगात कोबाल्टचा विषारी क्षार असतो. जुनी लेन्स विकत घेताना मागच्या काचेतून टॉर्च मारून आत पाहावं. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा चालतो, मागच्या काचेवरचा फोटोत दिसतो. श्रावण लागला की आम्ही तिन्ही लेन्स अशाच टॉर्चखाली धरून तपासतो, म्हणजे काही निघालं तर गणपतीआधी दुरुस्तीला वेळ हातात राहतो.