आजोबांचा बिल्ला आणि कॅप्टन सॉन्डर्स

परवा बुधवार पेठेतलं जुनं घर आवरताना आजोबांची पत्र्याची पेटी निघाली. वर त्यांची घडी घातलेली सोलापुरी चादर, आणि खाली रुमालात गुंडाळलेला पितळी बिल्ला, त्यावर कोरेगावचा जयस्तंभ. महार रेजिमेंट १९४१ ला बेळगावात उभी राहिली ना, तेव्हाचा. त्याआधी कित्येक वर्षं इंग्रजांनी आपल्या लोकांची भरतीच बंद केली होती. अंगठ्यानं घासघासून स्तंभाची एक कड पार गुळगुळीत झालीय.

तो बिल्ला हातात घेतला आणि मला एकदम रेज सॉन्डर्स आठवला, ज्याच्याबद्दल मी गेले काही महिने मिळेल ते वाचतेय. ऑस्ट्रेलियाचा आदिवासी, गुंडिजमारा समाजाचा, जन्म १९२० चा, लेक कोंडाच्या मिशनवर, म्हणजे मिशनऱ्यांनी वसवलेल्या आदिवासी वस्तीत, वाढलेला. वडील पहिल्या महायुद्धात लढलेले, आणि ज्या नातलगाचं नाव याला ठेवलं तो तर फ्रान्समध्येच १९१८ ला पडला. आणि तरी १९४० मध्ये तिकडच्या सैन्याचा नियम काय, तर युरोपियन वंशाचे नसलेले नकोत! भरतीवाल्यांनी बऱ्याच ठिकाणी डोळेझाक केली म्हणून हा आत गेला.

१९४१ मध्ये ग्रीसचं क्रीट बेट जर्मनांच्या हातात गेलं आणि हा मागं अडकला. जवळजवळ वर्षभर तिथल्या गावकऱ्यांनी याला लपवलं, जेवू घातलं, पकडले गेले असते तर गोळीच होती त्यांना, तरी. शेवटी तिथून सुटला. त्याच वर्षी, १९४२ ला, धाकटा भाऊ हॅरी न्यू गिनीत मारला गेला, आणि नंतर हाही तिथंच लढायला गेला. घरच्यांचं काय झालं असेल, मला सारखं तेच येतं मनात.

१९४४ मध्ये तो लेफ्टनंट झाला, ऑस्ट्रेलियन सैन्यातला पहिला आदिवासी अधिकारी. मग कोरिया. एप्रिल १९५१ ला काप्योंगला चिनी फौजेचे लोंढे येत होते तेव्हा एका अख्ख्या कंपनीचा कमांडर हा, म्हणजे गोरी पोरं याच्या हुकमावर लढत होती. तो ज्या ब्रिगेडमध्ये होता तिच्याबरोबर आपली ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स होती, कर्नल रंगराज यांची, जखमींना सांभाळणारी!

आणि गावाकडं काय चाललेलं? लेक कोंडाची जमीन सरकारनं युद्धावरून परतलेल्या गोऱ्या सैनिकांना वाटली, तिथल्याच आदिवासी सैनिकांना नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. १९६७ चं सार्वमत होईपर्यंत तर देशाची लोकसंख्या मोजताना घटनेनुसार आदिवासी धरतच नव्हते. म्हणजे कंपनी सांभाळणारा माणूस मोजणीत नाही!

सैन्य सोडल्यावर त्यानं लाकूडतोडीची कामं केली, १९६९ पासून आदिवासी खात्यात आपल्या लोकांसाठी काम केलं, १९९० ला गेला.

आजोबा लढाईचं कधीच बोलले नाहीत. एकदाच म्हणाले होते, "पलटणीत एका भांड्यातलं पाणी प्यायचो गं, सुट्टीवर गावाला आलो की वरून ओतायचे." मी आठवीत होते, विचारलं नाही पुढं काही. बिल्ला आता माझ्या टेबलावर आहे, पॉलिश नाही करणार त्याला.