लक्सामाना: एका फिलिपिनो आडनावाचा माग, इथवर

फिलिपिनो आडनावांच्या कामात या खेपेला एकच नाव धरून बसले: लक्सामाना. मनिलाच्या उत्तरेला, लुझोन बेटाच्या मधल्या सखल भागात पंपांगा नावाचा प्रांत आहे, तिथलं हे नाव. कानावर पडताक्षणी लक्ष्मण आठवतो, आणि तो बरोबरच आठवतो. पण लक्ष्मणापासून पंपांगापर्यंतची वाट आजच्या मलेशियातल्या मलाक्काच्या बंदरावरून जाते. आणि नाव दुर्मीळ आहे की नाही हे ठरवायला गेलं, तर आधी ‘कुठे’ आणि ‘कुठल्या स्पेलिंगात’ हे विचारावं लागतं. जे हाती लागलं ते मांडते आहे. आपल्यापैकी कुणाला फिलिपिन्सकडे वळायचं असेल तर सुरुवातीची उस्तवार वाचेल.

फिलिपिन्सचं कुठलंही आडनाव घ्या, २१ नोव्हेंबर १८४९ ही तारीख ओलांडल्याशिवाय मागे जाता येत नाही. त्या दिवशी स्पॅनिश गव्हर्नर-जनरल नार्सिसो क्लावेरिया याने फर्मान काढलं की प्रत्येक कुटुंबाला कायमचं आडनाव हवं आणि ते बापाकडून मुलांकडे जायला हवं. त्याआधी बाप्तिस्म्याच्या वेळी संतांची नावं किंवा ‘दे ला क्रूझ’, ‘दे लोस सांतोस’ अशी धार्मिक नावं लावायची चाल होती. एकाच घरातल्या सख्ख्या भावांची आडनावं वेगवेगळी, आणि शेजारच्या गावात तेच नाव शेकडो परक्या माणसांचं. कर गोळा करणाऱ्यांची पंचाईत व्हायची, आणि लग्नाआधी नातं तपासणाऱ्या पाद्र्यांचीही. उपाय म्हणून मनिलात सुमारे ६१,००० नावांची वर्णानुक्रमी यादी छापली गेली. तिचे भाग प्रांतांच्या अधिकाऱ्यांकडे गेले, तिथून गावोगावच्या पाद्र्यांकडे, आणि घरातल्या वडीलधाऱ्याने त्यातून नाव उचललं. वाटपाची खूण आजही दिसते. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात ‘आर’ने सुरू होणाऱ्या आडनावांची गर्दी आहे, तर रोम्ब्लोनमधल्या बांतोन बेटावर ‘एफ’ची. ज्या गावाला यादीचा जो तुकडा मिळाला, तो त्या गावाच्या वाट्याला कायमचा आला.

एक गैरसमज इथेच बाजूला करू. स्पॅनिश आडनाव म्हणजे स्पॅनिश रक्त, असा अर्थ फिलिपिन्समध्ये निघत नाही. रेयेस किंवा गार्सिया हे नाव त्या घराला बहुधा कागदावरून मिळालेलं असतं. आणि उलट बाजूही लक्षात ठेवायची: त्या यादीत स्थानिक भाषांतले शब्दही होते, झाडं-प्राणी-खनिजं होती, भूगोल होता. त्यामुळे एखादं देशी वळणाचं नाव यादीत सापडलं म्हणून ते १८४९ साली मिळालेलं ठरत नाही, आणि जुनंही ठरत नाही. यादीतल्या हजेरीवरून निकाल देणारे बरेच जण इथेच थांबतात. माझ्या मते खरं काम इथून पुढे सुरू होतं.

कारण फर्मानातच एक वाट मोकळी ठेवली होती. ज्यांच्या घरात एखादं आडनाव चार पिढ्या चालत आलं असेल त्यांना ते ठेवता येत होतं. शिवाय लाकानदोला, मोहिका, तुपास, राजा मातांदा ही जुन्या राजघराण्यांची नावं इतरांना घेता येणार नव्हती, ती त्यांच्या वंशजांसाठीच राखलेली. पंपांगामध्ये जुन्या प्रमुख घराण्यांनी स्पॅनिश सत्तेशी लवकर जुळवून घेतलं होतं. मनिलाजवळच्या तोंडोचा जुना राजा लाकान दुला याचा वंशज हुआन माकापागाल याने १६६० च्या पंपांगा उठावात बंडखोरांना साथ दिली नाही आणि त्याला सैन्यातला मोठा हुद्दा मिळाला, ही प्रसिद्ध गोष्ट. अशा घरांना आपलं जुनं नाव टिकवायला कारण होतं आणि कागदपत्रंही. माकापागाल, तायाग, पांगिलिनान, मानालास्तास ही पंपांगी नावं आज ठळकपणे शिल्लक आहेत. लक्सामानाही त्याच पंगतीतलं.

आता व्युत्पत्ती. इथे वर्णानुक्रमाने शोधणाऱ्यासाठी मोठा सापळा आहे. ‘लाक’ने सुरू होणारी फिलिपिनो आडनावं एका रांगेत लावा, तीन वेगळ्या भाषा खांद्याला खांदा लावून उभ्या दिसतील. लाकसोन हे चिनी, होक्किएन बोलीतलं: सहावा नातू. दिझोन म्हणजे दुसरा, सामसोन तिसरा, गोझोन पाचवा, अशी ती माळच आहे. लाकानदोलामधला ‘लाकान’ हा तागालोग, म्हणजे मनिलाकडची भाषा, बोलणाऱ्या प्रमुखांचा किताब. आणि लक्सामाना तिसरीकडचं, मलय भाषेतून आलेलं. पहिली तीन अक्षरं सारखी, पण आपसात काही नातं नाही.

चौथा एक चकवा खास आपल्यासारख्यांसाठी आहे. तागालोगमध्ये ‘लक्सा’ म्हणजे दहा हजार. आपला लक्षच तो, फक्त एक शून्य गळालेला. गंमत अशी की ‘अयुत’ म्हणजे संस्कृतात दहा हजार, आणि तागालोगमध्ये ‘युता’ म्हणजे एक लाख. समुद्र ओलांडताना दोघांनी जागा बदलल्या. हे कळल्यावर लक्सामानाचा संबंध या ‘लक्सा’शी जोडायचा मोह फार होतो. जोडू नये. लक्सामाना हा मलय भाषेत अखंड, एकसंध शब्द आहे आणि तो रामायणातल्या लक्ष्मणाच्या नावावरून आलेला आहे.

मलय सुलतानशाह्यांत ‘लक्सामाना’ हे आरमारप्रमुखाचं पद होतं. मलाक्काचा हांग तुआह हा त्यातला सर्वांत गाजलेला. हे पद अजून जिवंत आहे. मलेशिया आणि इंडोनेशियाच्या नौदलांत आजही ॲडमिरलला लक्सामानाच म्हणतात. इंडोनेशियात व्हाइस ॲडमिरल म्हणजे ‘लक्सामाना माद्या’, मधला, आणि त्या श्रेणीतला सर्वांत खालचा म्हणजे ‘लक्सामाना पर्तामा’, पहिला. मध्य आणि प्रथम हे शब्द नौदलाच्या खांद्यावरच्या पट्ट्यांवर असे जाऊन बसलेत.

मग हे पद लुझोनपर्यंत पोचलं कसं? यासाठी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचे दोन धागे महत्त्वाचे वाटतात. पहिला, १५११ मध्ये पोर्तुगीजांनी मलाक्का घेतलं त्या सुमारास तिथे लुझोनची माणसं वस्ती करून होती, व्यापार करत होती. पोर्तुगीज लेखक तोमे पिरेस त्यांना ‘लुसोंइस’ म्हणतो. दुसरा धागा मला अधिक मोलाचा वाटतो. १५२१ मध्ये, मॅगेलन मारला गेल्यावर त्याच्या मागे उरलेल्या लोकांनी ब्रुनेईजवळ एका राजपुत्राला पकडलं. सोबत असलेल्या पिगाफेत्ताने नोंद केली आहे: हा लुझोनच्या राजाचा मुलगा आणि ब्रुनेईच्या राजाचा सरसेनापती. इतिहासकार त्यालाच पुढचा मनिलाचा राजा मातांदा मानतात. म्हणजे लुझोनचा माणूस परक्या दरबाराचं आरमार चालवत होता, आणि ज्या मलय भाषेत तो दरबार चालायचा त्या भाषेत अशा हुद्द्याचं नाव तयार होतं. पंपांगातल्या लक्सामानांचा पूर्वज हाच, असं मी अजिबात म्हणत नाही. पण तो हुद्दा लुझोनच्या माणसांच्या ओळखीचा असणं अगदी स्वाभाविक होतं, एवढं यावरून मांडता येतं.

हुद्द्यांची संस्कृत नावं तर लुझोनमध्ये त्याच्याही सहाशे वर्षं आधीपासून होती. लागुना प्रांतात १९८९ मध्ये एक ताम्रपट सापडला. मिंदोरोच्या मांग्यान लोकांत राहून त्यांच्या लिपीचा अभ्यास करणारे डच धर्मगुरू आंतून पोस्त्मा यांनी तो वाचला. सुरुवातच अशी: स्वस्ति, शकवर्ष ८२२, वैशाख मास, चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. इसवी सनाच्या हिशेबाने २१ एप्रिल ९००. आपण पंचांगात ज्या शकाने वर्ष मोजतो तोच शक, तोच महिना, तोच पंधरवडा, आणि मजकूर एका माणसाच्या कर्जमाफीचा. पुढे तोंडोच्या प्रमुखाचा उल्लेख येतो, सोबत जयदेव हे नावही, आणि त्या मजकुरात ‘सेनापति’ आणि ‘नायक’ हे दोन्ही शब्द आहेत. ताम्रपटाची छायाचित्रं मी वारंवार काढून बघते. अक्षर जावाकडच्या जुन्या कावी वळणाचं, भाषा मुख्यतः जुनी मलय, आणि मधूनच असा एखादा शब्द येतो की शिवकाळातल्या कागदात शोभावा. लक्सामाना त्या पत्र्यावर नाही, त्यामुळे या आडनावाचा पुरावा म्हणून तो धरू नये. पण संस्कृत पदनामं मलय वाटेने या बेटांवर उतरायची, ती वाट किती जुनी हे त्यातून कळतं.

इथे रामायणाची एक नोंद जोडायलाच हवी. मिंदानाओ बेटावरच्या मरानाओ या मुस्लिम समाजात रामकथा तोंडी चालत आली आहे, ‘महाराडिया लावाना’ नावाने, म्हणजे महाराजा रावण. फिलिपिनो भारतविद्या-अभ्यासक हुआन फ्रान्सिस्को यांनी ती मिळवून १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. त्या कथेत राम आहे ‘राडिया मांगांदिरी’ आणि लक्ष्मण आहे ‘राडिया मांगावार्ना’. म्हणजे कथा जिथे टिकली तिथे लक्ष्मणाचं नाव गळून पडलं, आणि ख्रिस्ती पंपांगात, जिथे या नावाला कथेचा आधार उरलेला नाही, तिथे ते आडनाव म्हणून घट्ट बसलं. या कामात मला सर्वांत जास्त आनंद देऊन गेलेली गोष्ट हीच.

आता मूळपुरुषाचा प्रश्न. कुलवृत्तांत करणाऱ्यांना हे चटकन पटेल. देशपांडे, सबनीस, सरनोबत ही पदावरून पडलेली आडनावं. सगळ्या सरनोबतांची एकच वंशावळ काढायला कुणी बसत नाही, कारण पद जितक्या घरांत गेलं तितके मूळपुरुष. लक्सामानालाही हाच नियम लावायला हवा. एक पूर्वज शोधून सगळ्यांना त्याच्या खाली लावण्याचा खटाटोप काही हौशी फिलिपिनो वंशावळींत दिसतो. मला ते धोक्याचं वाटतं. गाव धरावं, त्या गावातल्या लक्सामानांची वंशावळ करावी, आणि दोन गावं जोडणारा कागद मिळाला तरच जोडावं.

स्पेलिंगबद्दल थोडं. नाव एकच, पण लिहिण्याच्या तऱ्हा तीन: ‘एक्स’ची, ‘सी-एस’ची आणि ‘के-एस’ची. पहिल्या दोन स्पॅनिश वळणाच्या. स्पॅनिशमध्ये ‘एक्स’ अक्षराचा उच्चार १८१५ च्या शुद्धलेखन-सुधारणेत ‘क्स’ असा ठरवून दिला गेला. त्याआधी ते अक्षर घशातल्या ‘ख’सारख्या उच्चारासाठीही चालायचं. त्यामुळे जुन्या चर्च-वह्या वाचताना ‘एक्स’ दिसला की घाई करू नये. तिसरी तऱ्हा तागालोगच्या नव्या वर्णमालेला जवळची. १९४० मध्ये लोपे सांतोस यांचं व्याकरण आलं आणि भाषेतला ‘सी’ जाऊन ‘के’ आला, पण आडनावांनी आपलं जुनं लिखाण बहुतेक ठिकाणी सोडलं नाही.

दुर्मीळतेचा हिशेब इथेच अडतो. इंटरनेटवरच्या आडनाव-मोजण्या स्पेलिंग धरून चालतात. एका नावाचे तीन तुकडे झाले की प्रत्येक तुकडा असतो त्यापेक्षा विरळ दिसतो. देशभराच्या यादीत दे ला क्रूझच्या शेजारी ठेवलं तर हे नाव नगण्य वाटेल; पंपांगात मात्र ते घराघरांत माहीत असलेलं नाव आहे. माझं मत असं की क्लावेरियाच्या यादीतून मिळालेल्या नावांची आणि अशा टिकून राहिलेल्या नावांची दुर्मीळता एका तराजूत तोलूच नये. ओआसमधलं एखादं ‘आर’चं नाव विरळ असतं ते एका घराने एका दिवशी उचललं म्हणून. लक्सामाना बाहेर विरळ आहे ते पंपांगाची माणसं पंपांगातच राहिली म्हणून.

कामाची पद्धत विचारणाऱ्यांसाठी: फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फिलिपिन्सच्या चर्चमधल्या आणि सरकारी नोंदींचा मोठा साठा फुकट बघता येतो. अनुक्रमणिकेत फक्त आडनावाने शोधू नका. आपल्याकडे मधलं नाव बापाचं किंवा नवऱ्याचं. फिलिपिन्समध्ये मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव, आणि लग्न झालेल्या बाईचं स्वतःचं माहेरचं नाव मध्ये सरकतं. त्यामुळे लक्सामाना घरातल्या लेकी शोधायच्या तर मधल्या रकान्यातून. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाच्या नावानंतर ‘अमक्याचा औरस पुत्र’ येतं, आणि पुष्कळदा बाप कुठल्या बारांगायचा, म्हणजे कुठल्या प्रमुखाच्या हाताखालच्या वस्तीतला, हेही येतं. त्या प्रमुखाच्या नावाआधी ‘दोन’ (डॉन) हा स्पॅनिश किताब असतो. लक्सामाना हे नाव ‘दोन’च्या पुढे आलंय की त्याच्याविना, हा रकाना मी माझ्या नोंदींच्या तक्त्यात वेगळा ठेवला आहे. १८४९ च्या आधीच्या वहीत आणि नंतरच्या वहीत तेच आईबाप शोधून त्यांची आडनावं समोरासमोर लावली, की नाव बदललं की टिकलं हे डोळ्यांनी दिसतं. काम किचकट आहे, पण याला आडवाट नाही.

हा तक्ता गावनिहाय भरत राहीन. त्याच्याजोडीला पुढचं नाव घेते आहे सालोंगा. १५८८ मध्ये तोंडोच्या सरदारांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध कट केला, तो उघडकीला आला, आणि शिक्षा झालेल्यांच्या यादीत पोलोचा प्रमुख फेलिपे सालोंगा आहे. फर्मानाच्या अडीचशेहून जास्त वर्षं आधी हे नाव कागदावर आलेलं आहे, म्हणजे चार पिढ्यांची अट तपासून बघायला याहून चांगला नमुना मिळणार नाही. पोलो म्हणजे आजचं व्हालेंझुएला शहर. तिथल्या जुन्या वह्या कुणी चाळल्या असतील तर जरूर कळवा.