केसरबाईंच्या तीन तबकड्या

गेल्या मे महिन्यात फोंड्याजवळ आमच्या काकींच्या घराची कौले परतायला काढली, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाने वाजणाऱ्या काही रेकॉर्ड निघाल्या आणि पाऊस लागण्याआधी त्या घेऊन जा, असा काकींचा निरोप आला. बहुतेकांना तडे गेले होते. मात्र तळाशी, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांची एक रेकॉर्ड धडधाकट होती. त्याच गायनाच्या दोन एलपी (सावकाश फिरणाऱ्या, जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्या), एक मोनो म्हणजे एकाच ध्वनिमार्गाची आणि एक नंतरची स्टिरिओ म्हणजे दोन ध्वनिमार्गांची, माझ्याकडे आधीपासून आहेत. त्यामुळे मूळ तबकडी आणि तिच्यावरून काढलेल्या दोन प्रती एका बैठकीत ऐकण्याचा योग मला प्रथमच आला.

७८ची तबकडी लाखेची असते आणि लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असते. पोलादी सुई त्या पुडीवर घासून तबकडीवरच्या चरीच्या (ध्वनी कोरलेल्या खाचेच्या) आकाराची व्हावी, अशी ती योजना होती. म्हणून खरखर ही या तबकडीच्या अंगचीच आहे. तिच्यात भर पडते ती चुकीच्या सुईने. एलपीची सुई या रुंद चरीच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथली वर्षानुवर्षांची धूळ वाचू लागते. मी इंचाच्या तीन हजारांशाची सुई लावली, तेव्हा खरखर राहिली, पण ती मागे सरली आणि बाईंचा आवाज पुढे आला.

मोनो एलपीवर ही खरखर जवळजवळ नाही. ती घालवण्यासाठी वरच्या पट्टीतील ध्वनी कापलेले असावेत, कारण तिच्याबरोबर गाण्यातल्या ‘आ’काराची धारही गेली आहे. मूळ तबकडीवर तान संपवून बाई समेवर येतात, तेव्हा स्वर सुटल्यानंतर क्षणभर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा घुमणारा झंकार, स्पष्ट ऐकू येते. एलपीवर त्या जागी नुसती शांतता आहे. ती जागा मी सात-आठ वेळा लावून पाहिली. स्टिरिओ प्रत तर मला ऐकवेना. एका मायक्रोफोनवर घेतलेल्या गायनातील खर्ज एका बाजूला आणि वरचे स्वर दुसऱ्या बाजूला वळवून हा कृत्रिम स्टिरिओ तयार केलेला आहे, त्यामुळे तान तार सप्तकात गेली की गाणारी व्यक्ती जागा बदलते आहे असे वाटते. ही प्रत मी केवळ तिच्या वेष्टनासाठी ठेवली आहे.

बाई फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर त्यांची भैरवी आहे आणि ती तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांच्या वेगाने वाजवायची आहे. ती तबकडी तयार करणाऱ्यांना त्या भैरवीची रेकॉर्डही सहजी मिळाली नव्हती. न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या उपकरणांच्या दुकानात ती अखेर सापडली. आपल्या छंदातील प्रत्येकाला ही शोधाशोध ओळखीची वाटेल.

एलपी विकत घेताना मी वेष्टनापेक्षा लेबलाभोवतीच्या मोकळ्या पट्ट्यावर भर देतो. तबकडी उजेडात तिरकी धरली की तिथे कोरलेला क्रमांक दिसतो. दोन प्रतींची वेष्टने निराळी असली, तरी हा क्रमांक शेवटच्या अंकासह जुळत असेल, तर दोन्ही एकाच मूळ कोरणीतून आलेल्या असण्याची दाट शक्यता असते; तो बदलला, तर ध्वनी पुन्हा कोरला गेला असे समजावे. कोरणी एकच असली, तरी साचा दाबून दाबून झिजतो, म्हणून एकाच क्रमांकाच्या दोन प्रतींतही फरक पडतो आणि शेवटी कानानेच निवड करावी लागते.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरतेच, परंतु लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नये. काही वर्षांपूर्वी मी एका रेकॉर्डवर स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळा काळा झाला तेव्हा मळ निघतो आहे असे मला वाटले, पण ती लाख विरघळत होती. ती तबकडी गेली, याचे मला अजून वाईट वाटते. साधे पाणी, साबणाचा एखादा थेंब आणि मऊ फडके एवढे पुरते. लेबल मात्र कोरडे राहिले पाहिजे.

काकींच्या ट्रंकेतील फुटलेल्या तबकड्यांत बाईंचीच आणखी एक आहे. तिचे तुकडे जुळवून मी क्रमांक वहीत उतरवून ठेवला आहे. कोणाच्या माळ्यावर बाईंच्या ७८च्या रेकॉर्ड असतील, तर कृपया कळवावे. मी स्वतः येऊन क्रमांक ताडून पाहीन.