‘तीन राज्यांची कथा’ इतिहासासोबत वाचताना

ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला बखर आणि अस्सल कागद यांतले अंतर सांगावे लागत नाही. चिनी अभिजात साहित्य वाचायचे ठरवल्यावर मी सुरुवातीला ‘तीन राज्यांची कथा’ निवडली, ती याच सवयीमुळे. चौदाव्या शतकातील लुओ ग्वानझोंग यांच्या नावावर असलेल्या या कादंबरीची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छापील प्रत १५२२ सालची आहे; मात्र आज सर्वत्र वाचली जाते ती माओ लुन व माओ झोंगगांग या पितापुत्रांनी सतराव्या शतकात संपादित केलेली १२० प्रकरणांची आवृत्ती. हान साम्राज्याला हादरा देणाऱ्या इ.स. १८४च्या बंडापासून ते २८० साली जिन घराण्याने सारा देश पुन्हा एका छत्राखाली आणेपर्यंतचा काळ तिच्यात येतो. मी ती मॉस रॉबर्ट्स यांच्या संपूर्ण इंग्रजी भाषांतरातून वाचली.

पहिली अडचण नावांची होती. एकाच माणसाला एक जन्मनाव आणि एक आदरार्थी नाव असते, आणि पात्रे एकमेकांना कधी या नावाने तर कधी त्या नावाने हाक मारतात; झूगे लियांग आणि कोंगमिंग हे एकच गृहस्थ आहेत हे डोक्यात पक्के बसेपर्यंत मी एका वहीत वेइ, शू आणि वू या तीन राज्यांची तीन पाने करून प्रत्येकाची दोन्ही नावे लिहीत गेले. वंशावळी पाठ करण्यापेक्षा हा उपाय बरा, कारण शेकडो पात्रांतील बहुतेक जण एखाद्या लढाईत येतात आणि तिथेच मरतात.

खरी गोडी लागली ती इतिहास शेजारी ठेवल्यावर. तिसऱ्या शतकात चेन शोऊ यांनी या तिन्ही राज्यांचा इतिहास लिहिला आणि पाचव्या शतकात पेई सोंगझी यांनी इतर अनेक ग्रंथांतील उतारे देऊन त्याला विस्तृत टीपा जोडल्या. दुसऱ्या प्रकरणात झांग फेई एका लाचखोर तपासनिसाला खांबाला बांधून फोडून काढतो. इतिहासात ही मारहाण खुद्द ल्यू बेईने, म्हणजे पुढे शू राज्य स्थापणाऱ्या नायकाने, केली आहे. कादंबरीचा सद्गुणी नायक असे करणार नाही, म्हणून तो राग त्याच्या तापट, मानलेल्या धाकट्या भावाकडे, झांग फेईकडे, सोपवला गेला. पाचव्या प्रकरणात ल्यू बेईचा दुसरा मानलेला भाऊ ग्वान यू पेल्यातली मदिरा निवण्याआधी शत्रूचा सरदार हुआ श्योंग याचे शिर घेऊन परततो, पण इतिहासात हुआ श्योंगला मारल्याचे श्रेय त्याच बाजूच्या सुन ज्यान या दुसऱ्या सरदाराच्या सैन्याचे आहे. सेहेचाळिसाव्या प्रकरणात ल्यू बेईचा सल्लागार झूगे लियांग गवताने भरलेल्या नावा धुक्यात शत्रूजवळ नेऊन बाण मिळवतो. पेई यांच्या टीपेत वूचा अधिपती सुन च्वान याची एक हकीकत आहे: बाणांच्या भाराने नाव एका कुशीवर कलली, तेव्हा त्याने ती वळवून दुसरी बाजू बाणांपुढे धरली आणि तोल साधून तो परत गेला. बाण लुटण्याचा त्यात हेतूच नाही, आणि प्रसंगही उत्तरेचा सत्ताधीश त्साओ त्साओ याचा पराभव झालेल्या २०८च्या लाल कड्याच्या लढाईनंतरचा आहे; कादंबरीत तो त्या लढाईच्या आधी येतो.

अशी उसनवारी दिसू लागली की लेखकाची निवड कळते. एका बाजूचे यश हलकेच दुसरीकडे सरकवले की वाचकाचे प्रेम कुणावर बसायचे ते ठरून जाते. या हिशेबात सर्वाधिक अन्याय झाला तो झोऊ यूवर, असे माझे मत आहे. लाल कड्याच्या विजयाचा तो वूकडील खरा सेनापती, आणि इतिहासात उदार मनाचा म्हणून नावाजलेला. कादंबरीत मात्र झूगे लियांगच्या मत्सराने जळत जळत तो मरतो. कथेला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी हवा होता हे मान्य, तरी हे पान उलटताना मला दर वेळी राग येतो. त्साओ त्साओला खलनायक केल्याचे तितके खटकत नाही, कारण त्याचे खलत्वही इतके जिवंत आहे की तो दिसताच मजकुराला वेग येतो.

ग्वान यू सत्त्याहत्तराव्या प्रकरणात जातो, ल्यू बेई पंच्याऐंशीव्यात, आणि एकशेचाराव्यात झूगे लियांगही गेल्यावर पुढची प्रकरणे जड जातात. इथे थांबायचा मोह आवरावा, असे मी सुचवेन. २६३ साली शू राज्य बुडते आणि ल्यू बेईचा मुलगा ल्यू शान वेइची राजधानी लुओयांगला नेला जातो. मेजवानीत मुद्दाम शूचे संगीत वाजवले जाते. त्याच्या सोबतचे लोक हळहळतात, हा मात्र हसत बसतो, आणि शूची आठवण येते का असे विचारल्यावर सांगतो की इथे मजेत आहे, शूची आठवण येत नाही. हा प्रसंग पेई यांच्या टीपेत आधीपासून आहे, आणि तो घेताना कादंबरीकाराला फारसे काही बदलावे लागलेले नाही.