मिरवणुकीतला लेझर आणि सव्वादोन लाखांची बॉडी

गणपती झाले की आमच्या कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात कॅमेऱ्यांची रांग लागते, हे काही नवीन नाही. पूर्वी ती सगळी गुलालाची असायची. गुलाल फार बारीक असतो, झूम लेन्सच्या बॅरलमधून आत शिरतो, डायलखाली जाऊन बसतो आणि वर पावसाचं पाणी लागलं की त्याचा चिकटा होतो. काम कटकटीचं, पण होणारं. खोला, पुसा, ग्रीस बदला, जोडा, हजार-दीड हजारात गिऱ्हाईक मोकळं. हल्ली मात्र अनंत चतुर्दशी झाली की माझ्या पोटात गोळा येतो, कारण गुलालाबरोबर आता लेझरच्या केसेस येतात आणि लेझरची केस म्हणजे साफसफाई नाही, थेट सेन्सर, म्हणजे ज्यावर फोटो उमटतो ती चिपच.

गेल्या वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच एक पोरगा पायरीवर बसलेला दिसला. साताऱ्याकडचा, पहाटेच्या एसटीने पुण्याला आलेला, मांडीवर बॅग आणि दोन्ही हात बॅगेवर. म्हणलं आत ये, बस, पाणी घे आधी. पाणी न पिताच त्यानं कॅमेरा काढला.

"दादा, फोटोत रेघ येतीय. रात्री मिरवणुकीत सुरू झालं. कार्डाचा प्रॉब्लेम असंल का?"

कार्डाचा नव्हता, हे मला स्क्रीनवर पहिला फोटो बघताच कळलं होतं, पण गिऱ्हाईकासमोर सगळं नीट तपासायचं हा आमचा नियम, म्हणून कार्ड बदललं, लेन्स बदलली, मग कॅप लावून आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) वाढवून एक काळा फोटो काढला आणि मग पांढऱ्या कागदाचा एफ १६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) बारीक करून, एक. दोन्हीत तेच. वरपासून खालपर्यंत दोन उभ्या गुलाबी रेघा आणि त्यातल्या एकीच्या बाजूला मुंग्यांसारखे पांढरे ठिपके. मायक्रोस्कोपखाली धरलं तर सेन्सरवर केसापेक्षा बारीक चांदीसारखा एक ओरखडा दिसत होता, थोडा वाकडा, बीम जसा फिरत गेला तसाच. मी स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. बराच वेळ तो बघत राहिला आणि म्हणाला, "घासून निघंल का हे?"

नाही निघत. लेन्सचं कामच मुळी उजेड एका बिंदूवर आणायचं, त्यामुळे स्टेजवरून किंवा ट्रॅक्टरवरच्या ट्रसवरून (लाईट लावायच्या लोखंडी सांगाड्यावरून) येणारा लेझर थेट लेन्समध्ये घुसला की सगळी ताकद सेन्सरवरच्या टाचणीच्या टोकाएवढ्या जागेवर येते. वरचा रंगाचा फिल्टर जळतो आणि खालचं सर्किटही जातं. एक पिक्सेल मेला तर कॅमेरा शेजारच्या पिक्सेलवरून अंदाज बांधून तो झाकू शकतो, पण सेन्सरमधली माहिती उभ्या कॉलमनं वाचली जाते, त्या वाटेलाच धक्का बसला की पूर्ण कॉलम बिघडतो, म्हणून ठिपक्याऐवजी आख्खी रेघ येते. मिररलेसमध्ये, म्हणजे आतला आरसा काढून टाकलेल्या नव्या कॅमेऱ्यात, हे जास्त होतं कारण तुम्ही नुसतं फ्रेमिंग करत असता तेव्हाही सेन्सर उघडाच असतो. जुन्या डीएसएलआरमध्ये मध्ये आरसा असायचा, फोटो निघेल तेवढ्याच क्षणापुरता सेन्सर उघडा. आता यावर लगेच कोणी म्हणेल की मग मिरवणुकीला डीएसएलआर न्या. अजिबात नको! त्यात तोच लेझर व्ह्यूफाइंडरमधून सरळ तुमच्या डोळ्यात जातो. २०२३ च्या गणपतीत पुण्यात आणि कोल्हापुरात लेझरनं डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात, २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी मिरवणुकीत लेझर बीमवर बंदीचा आदेशही काढला. कॅमेरा परत घेता येतो, डोळा नाही.

आता खरा विषय, म्हणजे पैसा. त्याच्यासमोरच अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन लावला, स्पीकरवर. वॉरंटी शिल्लक होती पण लेझर वॉरंटीत बसत नाही, आणि ते मॅन्युअलमध्ये छापलेलंही असतं की लेझरसमोर कॅमेरा धरू नका. ते मी मान्य करतो. पुढचं ऐका. सेन्सर सुटा मिळत नाही. आतल्या स्टॅबिलायझरसकट (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा) पूर्ण युनिट घ्यायचं, ८०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, मजुरी वेगळी, पार्ट बाहेरून येणार त्यामुळे किती दिवस लागतील सांगता येत नाही. म्हणजे हिशेब सरळ लाखाला भिडला. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, घेतली होती सव्वादोन लाखाला, सेकंडहँड बाजारात तीच तेव्हा एक लाख वीस हजाराला मिळत होती.

पोरगा काही बोलला नाही, मोबाईलवर आकडेमोड करत बसला. मग हळूहळू सांगायला लागला. बॉडी आणि एक लेन्स मिळून कर्ज काढलेलं, महिन्याला साडेअकरा हजार हप्ता, अजून दीड वर्ष बाकी. गावाकडं दोन दिवसांच्या लग्नाला अल्बम, व्हिडिओ, ड्रोन सगळं धरून साठ-सत्तर हजार मिळतात, त्यात चार माणसं, गाडी, अल्बमची छपाई, त्याच्या हातात राहतात दहा-बारा. दर का वाढवत नाहीस विचारलं तर म्हणाला, "वाढवला की पार्टी म्हणती शेजारच्या गावातला पन्नासात करतोय." आणि ज्या मिरवणुकीत हे झालं तिचे त्याला तीन हजार ठरले होते. तीन हजारांच्या कामात लाखाचं नुकसान!

मला राग येतो तो इथे. माझ्या वडिलांनी याच टेबलावर पेंटॅक्स के १००० आणि निकॉन एफएम २ उघडलेत. शटरचा पडदा अडकला तर पडदा बदलायचा, प्रकाश आत येतोय तर फोमची पट्टी बदलायची. डीएसएलआर आले तरी साधारण तसंच चाललं. कॅननला एरर ३० आला की शटर गेलं समजायचं, आठ-दहा हजारात नवं शटर बसवून कॅमेरा परत लग्नाला. फाइव्ह डी मार्क थ्रीचं शटर कंपनीच्या हिशेबानं दीड लाख क्लिकचं, आमच्याकडच्या लग्नवाल्यांनी दोन-दोन शटर बदलून तीच बॉडी वर्षानुवर्षं चालवली आणि तिच्यावर घरं बांधली. आता बॉडीच्या आत सुटं असं फार थोडं उरलंय. सेन्सर म्हणजे स्टॅबिलायझरसकट, डिस्प्ले म्हणजे बिजागरी आणि फ्लेक्ससकट (आतली चपटी वायर), यूएसबीचं एवढंसं सॉकेट कितीतरी मॉडेलात थेट मदरबोर्डवर. पाच रुपयाचा तुकडा गेला तरी बिल आख्ख्या युनिटचं.

कॅमेरे महाग का झाले याची कारणं मलाही समजतात. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी जगभरात बारा कोटींवर डिजिटल कॅमेरे पाठवले, २०२३ मध्ये हा आकडा ऐंशी लाखांच्याही खाली होता. मोबाईलनं छोटे कॅमेरे खाल्ले, मग कंपन्यांनी मोर्चा वळवला महागड्या बॉडी आणि लेन्सकडे, कारण थोड्याच विकायच्या तर महागच विकायच्या. आपल्याकडे बॉडी येते ती जपान, थायलंड नाहीतर चीनवरून, आणि २०१४ ला साठ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर दहा वर्षांत चौऱ्याऐंशीवर गेला. जीएसटी २८ वरून १८ वर आला १ जानेवारी २०१९ पासून, तेवढाच काय तो दिलासा, तोही रुपयानं गिळला. हे सगळं ठीक आहे. पण पार्ट दुकानदाराला विकायचाच नाही, जोडणीनंतरचं कॅलिब्रेशनचं, म्हणजे सगळं अचूक जुळवायचं, सॉफ्टवेअर द्यायचं नाही, याचा डॉलरशी काय संबंध? २०२२ मध्ये केंद्र सरकारनं राईट टू रिपेअरसाठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही आलं, चांगली गोष्ट आहे, पण माझ्यासारख्याला पार्ट विकलाच पाहिजे अशी सक्ती कुणावर नाही आणि ती आल्याशिवाय हे बदलणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

असो. त्याला म्हणलं जेवून ये, तोवर मी फोन करतो. आमची दुकानदारांची आपापसात एक साखळी आहे, कुणाकडे काय मेलेलं पडलंय हे एकमेकांना माहीत असतं. मुंबईत बोराबाजारात एका जुन्या मित्राकडे तेच मॉडेल निघालं, स्वस्तातली डुप्लिकेट डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसणारं, बाहेरून वीज देणारं अ‍ॅडॅप्टर) लावल्यानं मदरबोर्ड जळालेलं. सेन्सर चांगला असेल, पण बॉडी चालूच होत नाही तर तपासणार कसा? मित्र म्हणाला घेऊन जा, सेन्सर खराब निघाला तर पैसे परत. बावीस हजार. असला शब्द पाळणारी माणसं आहेत म्हणून आमचा धंदा चाललाय. संध्याकाळच्या गाडीनं पार्सल आलं.

रात्री दुकान बंद करून टेबलावर बसलो. पोरगा गेला नव्हता, समोर स्टुलावरच. स्क्रू सगळे जपानी, त्यांना साधा फिलिप्स लावला की डोकं सोलवटतं, जेआयएसचाच (जपानी मापाचा) ड्रायव्हर लागतो, हे नवीन शिकणाऱ्यांनी पहिलं लक्षात ठेवावं. सेन्सरचं युनिट तीन जागी बसतं आणि तिथे उंची जुळवायला कागदापेक्षा पातळ चकत्या, म्हणजे शिम असतात, कुठली शिम कुठल्या पायाखाली होती ते चुकवायचं नाही. मिररलेसमध्ये माउंटपासून (लेन्स बसते ती कडी) सेन्सरपर्यंतचं अंतर मुळातच कमी, सोनीचं १८ मिलिमीटर, कॅनन आरएफचं २०, निकॉन झेडचं १६, त्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक पडला तरी पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला फोटोची एक बाजू मऊ येते.

जोडून चालू केला. रेघ गेली होती, पण काळ्या फोटोत लाल-पांढरे ठिपके विखुरलेले. पोराचा चेहराच पडला. ते मात्र अपेक्षित होतं, प्रत्येक सेन्सरचे खराब पिक्सेल वेगळे असतात आणि त्यांची यादी मदरबोर्डवर साठवलेली असते, जुन्या सेन्सरची यादी नव्याला कशी लागू पडणार! मेनूतून पिक्सेल मॅपिंग चालवलं, म्हणजे कॅमेऱ्याला ती यादी नव्यानं करायला लावली, आणि ठिपके गेले. मग भिंतीवर वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान सपाट चिकटवलं, ५० एमएम लेन्स एफ १.८ वर ठेवून फोटो काढले आणि चारही कोपऱ्यांतले फोन नंबर वाचून बघितले. उजवीकडचा खालचा कोपरा किंचित मऊ होता. परत खोला, शिम बदला, परत जोडा. तिसऱ्या जोडणीला चारही कोपरे नीट वाचता आले तेव्हा एक वाजून गेला होता. पोरगा स्वतः भिंतीपाशी जाऊन स्क्रीन आणि पान ताडून बघत होता.

बिल एकतीस हजार झालं, बावीस पार्टचे आणि नऊ मजुरीचे. त्यानं अर्धे दिले, अर्धे दिवाळीनंतर म्हणाला, मी हो म्हणलं. पण त्याला स्पष्ट शब्दांत सांगितलं की स्टॅबिलायझर चालतोय, हातात धरून मंद शटरवर फोटो स्थिर येतायत, तरी कंपनीच्या यंत्रावर होतं तसं कॅलिब्रेशन हे नाही आणि कंपनीची वॉरंटी आता संपली असं धर. हे न सांगता कॅमेरा परत देणारे लोक आहेत, त्यांचं पुढे नाव खराब होतंच आणि सोबत आम्हा सगळ्यांचंही होतं.

मंडळाकडे नुकसान मागितलंस का, विचारलं. मंडळ म्हणालं लाईटवाल्याला विचार, लाईटवाला म्हणाला मला ऑर्डर मंडळाची होती. त्यातून एक रुपया निघाला नाही. इन्शुरन्सही नव्हता. तो घ्यावाच, पण धंद्यासाठी वापरलेलं सामान आणि लेझरचं नुकसान त्यात बसतं का हे कंपनीकडून लेखी घेऊनच हप्ता भरावा.

मग दुकानाच्याच कॉम्प्युटरवर त्याचा कोटेशनचा फॉरमॅट उघडला आणि खाली एक अट टाईप करून दिली. नंतर बऱ्याच जणांनी ती मागून नेली, म्हणून इथेही देतो, ज्याला हवी त्यानं उचलावी: "कार्यक्रमात लेझर लाईट वापरली जाणार असल्यास आयोजकांनी आगाऊ कळवावे. लेझर सुरू असताना छायाचित्रण केले जाणार नाही. न कळवता लेझर वापरल्यास व त्यामुळे कॅमेऱ्याचे नुकसान झाल्यास दुरुस्तीचा पूर्ण खर्च आयोजकांकडून घेतला जाईल." पार्टीची सही अ‍ॅडव्हान्स घेतानाच घ्या, नंतर कोणी करत नाही.