रोस्टचा मासा रोस्टचाच, हे कोण सांगणार?

इटलीतील एका खरेदीदाराची तक्रार मोजक्या शब्दांत आली होती: नॉर्वेतील रोस्ट बेटाहून निघालेल्या सुक्या कॉड माशाच्या एका लॉटमध्ये दुसऱ्या बेटावर वाळवलेला मासा मिसळला आहे, आणि आपण जादा दर दिला आहे तो केवळ रोस्टच्या मालासाठी. बर्गनमध्ये राहून मालतपासणीचे काम करताना माझ्याकडे बहुधा वजनातील तूट, भिजलेली पोती किंवा बुरशी अशी प्रकरणे येतात. मासा कोणत्या बेटाच्या वाऱ्यात वाळला हे ठरवण्याचे काम त्यापूर्वी माझ्याकडे कधी आले नव्हते, आणि ते प्रकरण कागदोपत्री मिटूनही माझ्या मनात मिटलेले नाही.

रोस्ट ही उत्तर नॉर्वेच्या लोफोतेन द्वीपमालेच्या अगदी टोकाची नगरपालिका आहे. बोदो शहरापासून ती समुद्रात सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला आहे आणि लोकसंख्या पाचशेच्या आसपास आहे. वस्तीचे मुख्य बेट इतके सपाट आहे की त्याचा सर्वोच्च बिंदूही समुद्रसपाटीपासून जेमतेम बारा मीटरवर येतो. उंच कडे आहेत ते नैर्ऋत्येच्या निर्मनुष्य बेटांवर, जिथे पफिन पक्ष्यांच्या वसाहती आहेत. उन्हाळ्यात येणारे पर्यटक त्या कड्यांची छायाचित्रे काढतात आणि सपाट बेटाला कंटाळवाणे ठरवून पुढच्या बोटीने निघून जातात. त्यांना हे समजत नाही की या गावाचा सगळा व्यवसाय त्या सपाटपणावरच उभा आहे. डोंगराचा आडोसा नसल्यामुळे वारा चारही दिशांनी येतो, आणि आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला असूनही कोमट सागरी प्रवाहामुळे हिवाळ्याचे सरासरी तापमान शून्याच्या किंचित वरच राहते.

शून्याच्या आसपासचे हे तापमान का महत्त्वाचे, हे थोडे सविस्तर सांगावे लागेल. बॅरेंट्स समुद्रातला प्रौढ कॉड, ज्याला तिथे स्क्रेई म्हणतात, जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान लोफोतेनच्या पाण्यात अंडी घालण्यासाठी येतो. पकडलेल्या माशाचे डोके आणि आतडी काढून, शेपटीपाशी दोन-दोन माशांची जोडी बांधून, ती उंच लाकडी परांच्यांवर टांगली जाते. वसईकडे वलांडीवर टांगलेले बोंबील उन्हात काही दिवसांत खडखडीत होतात. इथे मीठ नाही, ऊनही नावापुरते, आणि मासा सुमारे तीन महिने केवळ थंड वाऱ्यावर वाळतो. त्याचे जवळजवळ ऐंशी टक्के वजन पाण्याच्या रूपाने निघून जाते, आणि त्यानंतर तो गोदामात आणखी दोन-तीन महिने मुरवला जातो. हवा गरम झाली तर माश्या बसतात आणि मासा आंबतो. कडक थंडी पडली तर मांसातले पाणी गोठून धागे फाटतात, आणि वाळल्यावर मासा आतून भुसभुशीत निघतो. या दोन संकटांच्या मधली अरुंद वाट रोस्टला निसर्गाने दिली आहे, आणि तिथल्या लोकांच्या अभिमानाचे ते पहिले कारण आहे.

प्रतवारीच्या शेडमध्ये मी सकाळी पोहोचले तेव्हा तिथला वृद्ध पारखी, ज्याला त्या धंद्यात ‘व्राकर’ म्हणतात, कामाला लागलेला होता. मासा हातात येताच तो लांबी जोखतो, पोटाची पोकळी प्रकाशाकडे धरून रक्ताचे किंवा यकृताचे डाग पाहतो, मानेपाशी नाक नेऊन आंबूसपणा हुंगतो, पाठीच्या कण्यालगत अंगठ्याने दाबतो आणि मासा योग्य ढिगावर टाकतो. वीसच्या आसपास प्रती आहेत आणि प्रत्येक माशाचा निर्णय काही क्षणांत होतो. साठ सेंटिमीटरहून लांब, सडपातळ आणि निर्दोष मासा ‘राग्नो’ या सर्वोच्च प्रतीत जातो. बाकीच्या प्रतींमध्ये ‘ब्रेमर’, ‘होलेंडर’, ‘लुब’, ‘आंकोना’ अशी नावे आढळतात. शतकानुशतके हा मासा कोणत्या बंदरांकडे जात होता, याचा इतिहास त्या नावांमध्ये शिल्लक आहे. मी अनेक देशांतल्या प्रयोगशाळांचे अहवाल वाचले आहेत, पण इतक्या कमी वेळात इतका नेमका निर्णय देणारे दुसरे कौशल्य मी पाहिलेले नाही.

वादग्रस्त लॉटमधील काही मासे आणि मालकाच्या नि:संशय स्थानिक साठ्यातील काही मासे मी निवडले, त्यांना झाकलेल्या खुणा केल्या आणि ते एकत्र करून पारख्यापुढे ठेवले. तो ज्या कंपनीत नोकरीला होता तिच्याविरुद्धच तक्रार होती, त्यामुळे तो सगळा मालच स्थानिक म्हणेल, असा माझा अंदाज होता. त्याने मात्र एकेक मासा पाहत थोडे मासे शांतपणे बाजूला काढले. हे डोंगराच्या आडोशाला वाळलेले आहेत, एका बाजूने वारा कमी लागला आहे, कण्यापाशी गोठल्याची खूण आहे आणि शेपटीवरचा दोरीचा वळ आपल्या गाठीचा नाही, असे त्याने सांगितले. त्याच्या हाताखाली शिकणारी लिथुआनियाची तरुणी तिथे काही हंगामांपासून राहत होती. तिने उरलेल्या माशांतून आणखी एक उचलला आणि “हाही आपला नाही,” असे म्हणून त्याच्यापुढे धरला. त्याने तो पुन्हा हुंगला आणि मान डोलावली. खुणा उघडल्यावर दिसले की बाजूला काढलेला प्रत्येक मासा वादग्रस्त लॉटमधलाच होता.

मालकाने त्यावर काही लपवले नाही. मागणी पुरी करण्यासाठी शेजारच्या बेटावरून थोडा वाळलेला माल घेतला होता, आणि त्याच्या मते त्यात गैर काहीच नव्हते. कायद्याच्या दृष्टीने त्याचे बरोबर होते. संरक्षण मिळाले आहे ते ‘लोफोतेनचा सुका मासा’ या भौगोलिक नावाला, नॉर्वेत 2007 मध्ये आणि युरोपीय संघात 2014 मध्ये. त्या नावाखाली सगळी बेटे एकच आहेत. रोस्ट हे नाव त्या प्रमाणपत्रावर कुठेही नाही.

याच मुद्द्यावर दुपारी नगरपालिकेत काम करणाऱ्या एका बाईंशी माझे बोलणे झाले. 1928 मध्ये रोस्ट शेजारच्या वेरोय नगरपालिकेपासून वेगळे झाले. देशातल्या नगरपालिकांचे विलीनीकरण करून 2020 मध्ये त्यांची संख्या 428 वरून 356 वर आणली गेली, तेव्हाही रोस्ट स्वतंत्र राहिले. पाचशे माणसांनी स्वतंत्र कारभार का चालवावा, हा प्रश्न राजधानीतून पाहणाऱ्याला सुचणे स्वाभाविक आहे. त्या बाईंनी उत्तरादाखल मला पिएत्रो क्वेरिनीची हकिगत सांगितली. 1431 मध्ये हा व्हेनिसचा व्यापारी 68 माणसांसह क्रीटहून दारू लादून फ्लँडर्सकडे निघाला, वादळात जहाज सोडून द्यावे लागले, आणि जानेवारी 1432 मध्ये त्याची नाव रोस्टच्या सांदोया बेटाला लागली. अकरा जण वाचले. रोस्टच्या सुमारे 120 रहिवाशांनी त्यांना मे महिन्यापर्यंत आपल्या घरांत ठेवले. परतल्यावर क्वेरिनीने लिहिलेल्या वृत्तांतात वाऱ्यावर वाळणाऱ्या त्या माशाचे वर्णन आहे. सांदोयावर 1932 मध्ये त्याच्या स्मरणार्थ शिळा उभारली गेली, आणि व्हेनेतोमधील सांद्रिगो या गावाशी रोस्टचे आजही मैत्र आहे.

या कथेबद्दल मला आदर आहे, पण इटलीशी असलेला सगळा व्यापार क्वेरिनीने सुरू केला असे जे पर्यटकांना सांगितले जाते, ते मला पटत नाही. त्याच्या आधीपासून हा मासा बर्गनला जात होता आणि तिथे त्याच्या व्यापारावर हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांची पकड होती. शिवाय आजच्या व्यापारातला नायजेरिया या कथेत येतच नाही. वाळवलेली कॉडची डोकी आणि खालच्या प्रतीचे मासे तिकडे जातात; तिथल्या इग्बो लोकांच्या रश्श्यात ‘ओकपोरोको’ला, म्हणजे या सुक्या माशाला, मानाचे स्थान आहे, आणि तिथल्याच बियाफ्राच्या युद्धकाळात मदतीच्या अन्नातही हा मासा गेला होता. लागोसकडे जाणारी पोती त्याच शेडमध्ये, त्याच हातांनी भरली जात होती, आणि त्यांच्याविषयी बेटावर एकही शिळा नाही. जहाज फुटून आलेल्या पाहुण्याची आठवण जपणाऱ्या गावाने नेहमीच्या गिऱ्हाइकालाही आपल्या इतिहासात जागा द्यावी, असे मी त्या बाईंना स्पष्टपणे म्हटले. त्यांनी ते टिपून घेतले.

अहवालात मी पारख्याने आणि त्या तरुणीने केलेली निवड, खुणांची पद्धत आणि गाठीच्या वळाची छायाचित्रे असे सर्व सविस्तर लिहिले. आमच्या कार्यालयाने ती तपासणी ‘व्यक्तिगत मत’ ठरवून परिशिष्टात टाकली आणि निष्कर्षात फक्त एवढेच ठेवले की माल लोफोतेनचा असल्याचे प्रमाणपत्र वैध आहे. तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा आकडा पुरावा ठरतो, आणि आयुष्यभर मासे हाताळलेल्या माणसाने स्वतःच्या मालकाविरुद्ध दिलेला अचूक निर्णय मत ठरतो. ही विभागणी सोयीची आहे, पण न्याय्य नाही, आणि मी ते वरिष्ठांना लेखी कळवले आहे. खरेदीदाराने परिशिष्ट वाचले असावे, कारण त्याने बाजूला काढलेले मासे साध्या दराने आणि उरलेला लॉट ठरलेल्या जादा दराने उचलला. पुढच्या करारात त्याने एक अट घातली आहे: पोती बंद करण्यापूर्वी बेटावरच्या पारख्याची सही हवी. त्या सहीसाठी आमच्या छापील अर्जात अजून रकाना नाही. तो असावा यासाठी मी मसुदा पाठवला आहे आणि त्यावर उत्तर यायचे आहे.